आबाजींचं क्लॅरिनेट आणि पाटी नसलेला कारागीर

मागे घरघर ऐकू येत असेल तर तो कूलर आहे. बंद केला तर मी बोलू शकणार नाही, कारण मी सावंगी मेघेत बसलेय आणि हा आमचा मे महिना आहे. ज्यांना सावंगी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वर्ध्याहून यवतमाळ रोडला लागलात की थोड्याच वेळात मोठं हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेज लागतं, त्याच्याभोवती मेस, झेरॉक्सची दुकानं, भाड्याच्या खोल्या. त्यातल्याच एका खोलीतून हा पॉडकास्ट निघतो. मी तिथे एक्स-रे टेक्निशियन आहे, हे जुन्या ऐकणाऱ्यांना ठाऊक आहेच.

मागच्या महिन्यात मी एक स्टोरी टाकली होती. टेबलावर काळं लांब वाद्य, त्याच्या चांदीसारख्या चाव्या, खाली लिहिलं होतं, "आबाजींचं क्लॅरिनेट परत बोललं." त्यावर भरपूर मेसेज आले. अर्धे म्हणाले, "सनई छान आहे." (हसते) आणि बाकीच्यांचा एकच प्रश्न, "कुठे दुरुस्त केलं?" कुणाच्या घरी काकांचं सॅक्सोफोन पडलंय, कुणाकडे चर्चमधलं जुनं क्लॅरिनेट आहे, एकीच्या घरी तर आजोबांचा ट्रम्पेट देवघराच्या वर ठेवलाय. म्हणून आजचा एपिसोड. पण उत्तर एका ओळीत नाही देता येत, कारण योग्य माणसाकडे पोचायच्या आधी मी चुकीच्या माणसाकडे गेले होते. तेही लपून.

आधी वाद्याबद्दल थोडं. क्लॅरिनेट म्हणजे पाच तुकडे. तोंडात धरायचा मुखपत्ता, त्यावर वेताची एकच पत्ती. मग छोटं बॅरल, वरचा तुकडा, खालचा तुकडा आणि शेवटी भोंगा. सनईला दोन पत्त्या असतात, याला एक. १७०० च्या आसपास जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला योहान ख्रिस्तोफ डेनर नावाच्या कारागिराने हे घडवलं असं मानतात. आपल्याकडे ते आलं लष्करी बँडांतून, आणि तिथून गेलं लग्नाच्या वरातीत. शास्त्रीय संगीतातही गेलं, कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन, ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि आपल्या हिंदुस्थानी संगीतात रायचूरचे नरसिंहलू वडवाटी. यूट्यूबवर शोधा. जुन्या लोकांना मास्टर इब्राहिम आठवतील, सिनेमाची गाणी क्लॅरिनेटवर वाजवून त्यांच्या रेकॉर्डी निघायच्या. आबाजींच्या मते ते देव.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. वय ७९. ते कधीच क्लॅरिनेट म्हणत नाहीत, "क्लारनेट" म्हणतात. १९६४ पासून लग्नाच्या बँडात होते. देवळी, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, या सगळ्या गावांच्या वराती त्यांनी वाजवल्या. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. ते वाद्य त्यांना त्यांच्या उस्तादांनी दिलं होतं, आणि उस्तादांनी ते कुठल्याशा लिलावात घेतलं होतं. म्हणजे आबाजींच्या हातात आलं तेव्हाच ते म्हातारं होतं.

मग १९९२ च्या सुमारास आबाजींनी बँड सोडला. घरात कारण एकच सांगितलं जायचं, "दम लागत होता." मीही तेच ऐकत वाढले. पेटी कपाटाच्या वर, पेटीवर जुनी चादर, चादरीवर दिवाळीची लायटिंग. आमच्याकडे आता लग्नाला धुमाल असते, नाहीतर डीजे. नागपूर साईडचे लोक हसतील, त्यांना धुमाल काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी, ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, सगळं गाडीवर आणि आवाज छातीत. मला आवडते, खोटं का बोलू. पण त्यात क्लॅरिनेटला जागा नाही.

तर गेल्या वर्षी मला सुचलं की आबाजींच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं. गुपचूप पेटी काढली. उघडली तर वास आला, बुरशी आणि जुन्या तेलाचा. पॅड कुरतडलेले, बॅरल आणि वरचा तुकडा एकमेकांत अडकलेले, आणि वरच्या तुकड्यावर साधारण दोन इंचाची चीर. हॉस्पिटलमधल्या प्रत्येकाने विचारलं, "एक्स-रे काढला का?" नाही काढला! ते मशीन पेशंटसाठी आहे.

मग मी तेच केलं जे तुम्ही कराल. फोन काढला, सर्च केलं. जवळपास क्लॅरिनेट रिपेअर. जे निघालं ते म्हणजे गिटारची दुकानं, हार्मोनियम-तबल्याची दुकानं आणि एका ठिकाणी तर वॉशिंग मशीन. त्यातलं एक दुकान मी निवडलं. गाव आणि नाव सांगणार नाही. फोटो चांगले होते, रेटिंग चांगलं होतं, आणि मालक फोनवर म्हणाले, "मॅडम, सगळं होऊन जाईल, नव्यासारखं करून देतो." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल. वाद्य न बघता म्हणाले होते ते.

दहा दिवस, १,८०० रुपये. हातात आलं तेव्हा खरंच नव्यासारखं होतं. चाव्या लखलखीत, लाकूड काळंभोर. घरी आणून फुंकलं. हवा. नुसती हवा. मी म्हटलं मला येत नाही म्हणून वाजत नाही. यूट्यूब बघून चार दिवस फुंकत होते, गाल दुखले, शेजारची रूममेट म्हणाली कुकरची शिटी बदल.

वाढदिवसाला आबाजींच्या हातात दिलं. त्यांनी आधी काहीच म्हटलं नाही. अंगठा फिरवला वरून, जिथे वाद्य बनवणाऱ्याचा छाप होता. दोनदा फिरवला. मग विचारलं,

"हे कोनं घासलं वं?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. फक्त म्हणाले, "मले विचाराचं होतं न पोरी. मी काय मेलो होतो?"

आणि खरंच, चार महिने मी मोबाइलवर शोधत होते आणि ज्याने अठ्ठावीस वर्षं ते वाद्य वाजवलं त्याला एकदाही विचारलं नव्हतं. सरप्राइजपायी.

आबाजींना माणूस माहीत होता. बँडात असताना दर पावसाळ्यात, लग्नसराई संपली की, सगळी वाद्यं पोत्यात घालून नागपूरच्या पुढे कामठीच्या बाजूला न्यायचे. कामठी म्हणजे जुनी छावणी, १८२१ पासूनची. आजही तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. तिथल्या आसपास लष्करी बँडातून रिटायर झालेली माणसं राहतात. त्यातले एक वाद्यं दुरुस्त करायचे. लष्कराची संगीताची शाळा पचमढीला आहे, तिथे शिकलेले. पण आबाजींकडे नंबर नव्हता. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीने शोध सुरू केला. पुलगावच्या एका ढोलवाल्याला फोन, त्याने आर्वीच्या कुणाला, त्याच्या जावयाने नागपूरच्या कुणाला. दोन दिवसांत नंबर आला. लँडलाइन! त्या माणसाचं ना दुकान, ना पाटी, ना मॅपवर टिकली.

गेलो आम्ही दोघं. वर्ध्याहून ट्रेनने नागपूर, पुढे ऑटो. एका जुन्या घराची ओसरी, एक लाकडी टेबल, खिडकीतून येणारा उजेड. काकाजी आबाजींपेक्षा थोडे लहान असतील. दोघं भेटले तेव्हा पहिली दहा मिनिटं कोण कोण गेलं याची यादी झाली. त्या वयात तेच होतं.

आता हा भाग नीट ऐका, कारण चांगला टेक्निशियन कसा ओळखायचा हे मला इथे कळलं.

काकाजींनी वाद्य लगेच हातात घेतलंच नाही. आधी प्रश्न. शेवटचं कधी वाजलं? कुठे ठेवलं होतं? खाली की वर? कूलरच्या खोलीत का? चीर कधी दिसली, वाजवत असताना पडली की पडून राहून? मी हॉस्पिटलमध्ये काम करते, मला हे ओळखीचं वाटलं. चांगला डॉक्टर आधी हिस्ट्री घेतो, मग हात लावतो. थेट तपासण्या लिहून देणारेही मी रोज बघते, पण ते जाऊ द्या. (हसते)

मग पाचही तुकडे सुटे केले. वरचा तुकडा घेतला, भोकांवर बोटं ठेवली, खालचं तोंड तळहाताने बंद केलं आणि वरून हवा ओढली. वाद्य चांगलं असेल तर आत पोकळी धरून राहते, ओठाला चिकटून बसतं, आणि सोडलं की टप्प आवाज येतो. आमच्या वाद्यातून फुस्स. त्यांनी तीनदा केलं, माझ्या हातात देऊन मलाही करायला लावलं. हे तुम्ही घरी करू शकता. काही खर्च नाही, फक्त मुखपत्ता आणि बॅरल काढून घ्या.

हवा कुठून जाते हे शोधायला त्यांनी सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी घेतली. पॅडखाली ठेवायची, चावी हलकेच बंद करायची, पट्टी ओढायची. चारही बाजूंनी सारखी अडकली पाहिजे. आमच्याकडे एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला पट्टी आपोआप बाहेर. कारण विचारा. क्लॅरिनेटचा पॅड म्हणजे नमद्याची छोटी चकती, तिच्यावर आतड्याच्या पडद्याची अगदी पातळ कातडी, आणि ती चावीच्या वाटीत लाखेने बसवतात. लाख गरम केली की पॅड थोडा हलवून सपाट करता येतो. आमच्या दुकानदाराने काय केलं होतं? हार्मोनियमच्या भात्याचं कातडं कापून रबर सोल्युशनने चिकटवलं होतं. जाड. जाड पॅडची मागची कड आधी टेकते आणि पुढून दार उघडं राहतं.

काकाजींनी ते काढून टेबलावर मांडून ठेवले. प्रत्येक जुना पॅड, प्रत्येक तुटकी स्प्रिंग एका डबीत. म्हणाले, "हे तुमचंच आहे, जाताना घेऊन जा." माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी खूण. जो काढलेली वस्तू परत दाखवतो त्याला लपवायचं काही नसतं. मोबाइलच्या दुकानात मी आता हेच मागते, बदललेली बॅटरी दाखवा.

मग चीर. दुकानात चिरेत फेविक्विक ओतून वरून पॉलिश पेपर मारला होता आणि काळा रंग. मी म्हटलं, फेविक्विक वापरलं म्हणून बिघडलं का? तर काकाजी नाही म्हणाले. बारीक चीर भरायला तशाच गोंदात त्याच लाकडाची पूड मिसळून वापरतात, मोठे कारागीरसुद्धा. गोंद वाईट नाही, ओतणं वाईट. तो वाहत जाऊन एका स्वराच्या भोकाच्या काठावर गोठला होता, त्यामुळे पॅड कितीही चांगला बसवला तरी काठच खडबडीत. आणि चीर आरपार आहे की वरवरची, हे न बघता भरली होती.

चीर पडते का, हेही त्यांनी सांगितलं. हे लाकूड आफ्रिकेतलं, ग्रेनाडिला म्हणतात, पाण्यात टाकलं तर बुडतं इतकं जड. तुम्ही फुंकता तेव्हा आतून गरम ओली हवा, आतलं लाकूड फुगतं. बाहेर आपला वर्ध्याचा मे, कोरडा ठणठणीत, बाहेरचं लाकूड आकसतं. आत फुगायचंय, बाहेर आकसायचंय, मग फाटतं. बहुतेक वेळा वरच्याच तुकड्यावर, कारण श्वास तिथे आधी पोचतो. "ते लाकूड आहे न बेटा, लोखंड नाही. खूप दिवसांनी काढलं तर पयल्या दिवशी पाच मिनिटं वाजवाचं, मग पुसून ठेवाचं." उन्हाळ्यात जोडावरची धातूची रिंग सैल झाली तर समजा लाकूड सुकलंय. पावसाळ्यात तेच जोड अडकतात, तेव्हा पिळायचं नाही. आमच्या दुकानदाराने अडकलेला जोड सोडवून आतला भाग घासून बारीक केला होता. मग सैल झाला म्हणून दोरा गुंडाळला. काकाजी म्हणाले दोरा चालतो, कॉर्कच्या आधी दोराच असायचा, मेण लावून. पण घासलेलं लाकूड परत येत नाही.

आणि मग त्यांनी भिंग घेतलं आणि तो छाप बघितला. दुकानात चाव्यांना बफ मारताना लाकडावरचाही अर्धा छाप गेला होता. पण उरलं होतं त्यात वाचता आलं, हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, लंडन. ही कंपनी १९३० मध्ये बूझी कंपनीत मिसळून बूझी अँड हॉक्स झाली, म्हणजे वाद्य त्याआधीचं. चाव्या तेरा. आजच्या क्लॅरिनेटला साधारण सतरा असतात, ती बूम पद्धत, फ्रान्समध्ये १८४० च्या आसपास आली. आमचं त्याआधीच्या जुन्या पद्धतीचं, आल्बर्ट म्हणतात ते. तुर्कस्तान-ग्रीसमध्ये लोक आजही मुद्दाम हेच वाजवतात. बोट हळूहळू सरकवून मींड काढायला बरं पडतं.

आणि छापाखाली अजून दोन अक्षरं होती. एच पी.

काकाजी आबाजींना सहज म्हणाले, "हे तं हाय पिचचं आहे मास्तर. तुमाले मालूमच असंल."

आबाजी म्हणाले, "म्हंजे?"

इथे जरा इतिहास लागेल, थोडक्यात सांगते. आज सगळं जग ज्या सुरावर वाद्यं जुळवतं तो म्हणजे ४४० हर्ट्‌झचा ए. तुमच्या फोनच्या ट्यूनर ॲपमध्ये वर ४४० लिहिलेलं असतं तेच. पण हे १९३९ मध्ये लंडनला एका परिषदेत ठरलं. त्याआधी ज्याचा त्याचा सूर वेगळा. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत उंच सुरात वाजायचे, साधारण ४५२. ती वाद्यं थोडी आखूड असतात, दोनएक सेंटीमीटर. त्यांच्यावर एच पी छापायचे, हाय पिच. मग लष्कराने सूर बदलला आणि ही सगळी वाद्यं एका रात्रीत निरुपयोगी झाली. काकाजींचा अंदाज असा की छावण्यांमधून ती लिलावात निघाली आणि लग्नाच्या बँडवाल्यांनी घेतली. चांगलं लाकूड, चांगलं काम, स्वस्त भाव. आमचंही तसंच आलं असावं.

फरक किती? सा आणि कोमल रे यांच्यामध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्मं. ऐकायला धड हा सूर नाही, धड तो नाही. दोघांच्या मधोमध.

आबाजी बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या बँडात तीन क्लॅरिनेट होती, तिन्ही एकाच लिलावातली. ढोल होता, पेटी नव्हती, मग बेसूर होणार कुणाशी? १९९२ मध्ये मालकाने कॅसियो आणला. पहिल्याच लग्नात आबाजींचा सूर कॅसियोशी जुळेना. बाकी दोघांनी आधीच मेरठची नवी वाद्यं घेतली होती, त्यांचं जुळलं. आबाजींनी बॅरल बाहेर ओढून बघितलं, ओठ सैल करून बघितले. वरचे स्वर थोडे उतरायचे, खालचे तिथेच. पोरं हसायला लागली, मास्तरचा कान गेला. आबाजींनाही तेच वाटलं. की कान गेला, ओठ गेले. सिझन संपला आणि त्यांनी वाद्य पेटीत घातलं. "दम लागत होता" हे घरासाठी.

तेहतीस वर्षं, मंडळी. तेहतीस वर्षं तो माणूस समजत होता की आपण बेसूर झालो.

काकाजींनी डोक्याला हात लावला. "अरे बाप्पा, मले वाटे तुमाले ठाऊक आहे. मी तुमच्या तिन्ही क्लारनेटचे पॅड बसवले, बोललोच नाही कधी. कोनाले वाटनार?"

मी फोनवर ट्यूनर लावला. काकाजींनी आपल्या दुसऱ्या बॅरलवर कसंबसं जुळवून दोन स्वर काढले. काटा सरळ मधोमध थांबला, हिरव्याच्या बाहेर. आबाजींनी तो काटा बघितला, चष्मा पुसून परत बघितला. मग म्हणाले,

"म्हंजे तो कॅसियो बेसुरा होता."

आम्ही तिघंही हसलो. मग आबाजींनी चहा मागितला, आणि दोन कप प्यायले.

मी विचारलं, हे दुरुस्त करून ४४० ला आणता येईल का? काकाजी म्हणाले नाही. लांब बॅरल घातलं तर काही स्वर जुळतील, बाकीचे आपसात भांडतील, कारण भोकांची जागाच उंच सुरासाठी ठरवलेली आहे. कापाकापी करणारे लोक आहेत, पैसे घेतील. "मी नाही करत. हे जसं आहे तसं चांगलं वाद्य आहे." त्यांनी सांगितलं ते असं, पॅड सगळे बदलतो, दोन स्प्रिंगा नव्या करतो, भोकाचा काठ साफ करतो, चीर साफ करून नीट भरतो पण पिना मारत नाही, कारण चीर आरपार नाही आणि जुनी आहे, वाढते का बघू. चाव्यांना पॉलिश नाही. छाप परत येणार नाही. ३,५०० रुपये, दीड महिना. इतकं होतं, इतकं नाही होत, स्पष्ट. "नव्यासारखं" हा शब्द त्या माणसाने एकदाही वापरला नाही.

आता तुमच्यापैकी ज्यांचे आबाजी नाहीत त्यांनी काय करायचं? माझं मत सांगते. दुकान शोधू नका, वाजवणारा शोधा. तुमच्या शहरात पोलीस बँड आहे, १५ ऑगस्टला दिसतो. त्यांची वाद्यं कुणीतरी दुरुस्त करतं. चर्चमधले वाजवणारे आहेत. पुण्यात जुने बँड आजही गणपतीला निघतात. मुंबईत धोबी तलावाला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, फुर्टाडोज १८६५ पासूनचं, तिथे काउंटरवर विचारण्यापेक्षा तिथे रीड घ्यायला येणाऱ्या माणसाला विचारा तो कुणाकडे जातो. एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, तिथेही क्लॅरिनेट वाजवणारे असतात. मेरठच्या जली कोठीत बँडच्या वाद्यांचं मोठं काम चालतं, नादिर अली कंपनी १८८५ पासून, सुटे भाग तिथून येतात. पण जुनं लाकडी वाद्य कुरिअरने पाठवायच्या आधी दहादा विचार करा. ज्यांना या बँडवाल्यांच्या दुनियेत शिरायचंय त्यांनी ग्रेगरी बूथ यांचं 'ब्रास बाजा' वाचा, २००५ चं पुस्तक आहे, इंग्रजीत. आपल्या लग्नाच्या बँडांवर ऑकलंडच्या प्राध्यापकाने लिहावं आणि आपण लिहू नये, यावर मी वेगळा एपिसोड करून भांडणार आहे.

आणि माणूस सापडला की फोनवर भाव विचारू नका. विचारा, "काय नाही करणार तुम्ही?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे वाद्य सोडू नका. वाद्य देण्याआधी फोनचा एवढा तरी उपयोग करा, प्रत्येक चावीचा, छापाचा, चिरेचा फोटो काढा. मी काढले नव्हते. तो पूर्ण छाप कसा होता हे आता फक्त आबाजींच्या अंगठ्याला माहीत आहे.

स्प्रिंगांचं सांगायचं राहिलं. काकाजींनी त्या शिवणाच्या सुईपासून केल्या. सुई मेणबत्तीवर धरायची, निळी पडेपर्यंत. निळी झाली की लवचीक होते, त्याच्या पुढे गेली की मऊ पडते आणि कामाची राहत नाही. एक-दोन सेकंदांचा खेळ. मी तिथे उभी राहून बघत होते, ते म्हणाले, "तुझा हात थरथरत नाही, धर." माझ्या पहिल्या तीन सुया वाया गेल्या. चौथी आबाजींच्या क्लॅरिनेटमध्ये आहे, डाव्या करंगळीच्या चावीखाली.

वाद्य दीड महिन्यात नाही, अडीच महिन्यांत आलं. कारागीर शेवटी कारागीरच. घरी आबाजींनी पत्ती ओली केली, तोंडात धरली आणि अगदी खालचा स्वर काढला. सहा सेकंद. मग खोकला आला. आता दम खरंच लागतो त्यांना, त्या बाबतीत घरच्यांचं तेव्हाचं खोटं आज खरं झालंय. दिवसाला दोन-तीन स्वर, त्यापेक्षा जास्त मी वाजवू देत नाही आणि त्यापेक्षा कमी ते ऐकत नाहीत. शेजारच्या धुमालवाल्या पोराने कीबोर्डला फाइन ट्यूनिंग करून वर चढवून दिलंय. आबाजींसाठी कीबोर्ड सुरात आणलाय असं तो म्हणतो, आणि आबाजींना हे वाक्य फार आवडतं.

(इथे मूळ एपिसोडमध्ये आबाजींचा एक स्वर ऐकू येतो, मागे कूलर.)

काकाजींनी पावसाळा संपल्यावर वाद्य परत दाखवायला बोलावलंय, चीर बघायची आहे. त्यांच्या हाताखाली कुणी नाही. मुलगा पुण्यात आयटीत आहे. मला त्यांनी एक मोडकं मेरठचं क्लॅरिनेट दिलंय, सरावाला. सुट्टीच्या रविवारी मी नागपूरला जाते, लाख गरम करते, पॅड बसवते, पट्टी ओढून बघते. आतापर्यंत दोन बसवलेत. एकातून अजून हवा जाते.